कार्डावरची तारीख

सकाळी ७:५०
मुलगी शाळेला निघते तेव्हाच दादा बाहेर पडतात. कोपऱ्यापर्यंत दोघांची वाट एक. तिच्या पाठीवर जपानी शाळेचं चामडी दप्तर, यांच्या सायकलच्या टोपलीत कोबीचे चार गड्डे. कोपऱ्यावर ती डावीकडे वळते. दादा उजवीकडे वळायच्या आधी एकदा खिसा चाचपतात. पाकीट आहे, पाकिटात कार्ड आहे. परदेशी माणसाने राहण्याच्या परवान्याचं हे कार्ड सतत जवळ बाळगलं पाहिजे, असा इथला कायदा आहे. बारा वर्षांत हात आपोआप तिकडे जायला लागलाय.

तोक्योच्या पूर्वेला एदोगावा वॉर्ड आहे, त्यातलं हे निशिकासाई. २००० सालाच्या सुमारास संगणक अभियंते इथे येऊन राहिले. तोझाई लाइनच्या गाडीत बसलं की ऑफिसांच्या भागात थेट पोचता येतं, म्हणून ते इथेच टिकले. आज जपानमधली सर्वांत मोठी भारतीय वस्ती याच वॉर्डात आहे. भारतीय वंशाचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथल्या वॉर्डसभेवर निवडून आले. दादांनी नान-करीचं दुकान उघडलं तेही त्याच वर्षी. ते मूळचे गुहागरकडचे. मुंबईच्या हॉटेलांत दहा वर्षं तंदूरवर होते. २०१३ मध्ये आचाऱ्याच्या व्हिसावर इथे आले. त्या व्हिसाला दहा वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो कागदावर सिद्ध करावा लागतो.

सकाळी ८:१५
शटर निम्मं वर जाऊन अडकतं. उरलेलं खांद्याने रेटावं लागतं. दुकान चौदा खुर्च्यांचं. आधीच्या भाडेकरूचं नूडल्सचं दुकान होतं. त्याचं सिंक, ओटा, धुराडं, सगळं यांनी तसंच विकत घेतलं. याला इथे 'इनुकी' म्हणतात. नवं सगळं बसवायचं तर पैसा पुरलाच नसता. स्वतःचा असा फक्त तंदूर आणला. गॅसवरचा, आतून मातीचा.

भिंतीवर आरोग्य खात्याचा परवाना. खाली तापमानाची वही. प्रत्येक फ्रिजचं तापमान रोज लिहायचं. २०२१ च्या जूनपासून लहानमोठ्या सगळ्या खाणावळींना हे बंधनकारक आहे. दादा लिहितात: ४ अंश, ३ अंश, उणे १९. खाली आद्याक्षर. मागची पानं चाळली, तर एकही दिवस कोरा नाही.

सकाळी ९:००
आचारी येतो. नेपाळच्या बाग्लुंगचा, वय तिशीच्या आत. "दाइ, नमस्कार." बोलणं हिंदीत. त्याचा व्हिसा दादांचा पूर्वीचा होता तोच, आचाऱ्याचा.

पंचवीस किलोच्या पोत्यातून सहा किलो मैदा परातीत. अंडी, दूध, साखर, मीठ, तेल, बेकिंग पावडर. इथला नान गोड लागतो, मऊ लागतो आणि ताटाबाहेर लोंबेल एवढा मोठा लागतो. दादांच्या घरी तांदळाची भाकरी व्हायची. नान त्यांनी पहिल्यांदा मुंबईत पाहिला, तोही वेटरच्या हातातल्या ताटात. कणीक आचारी मळतो. दादा एकदाच बोट खुपसून बघतात आणि म्हणतात, "अजून अर्धी वाटी दूध."

मग ओट्यापासून मागे सरतात. हे मागे सरणं मी दिवसभर पाहिलं.

दादांच्या आताच्या कार्डावर 'केइएइ-कानरी' असं लिहिलेलं आहे. म्हणजे धंदा चालवणं, सांभाळणं. कार्ड मालकाचं आहे. मालकाचं मुख्य काम कारभाराचं असलं पाहिजे, हात लावायला लागलाच तर तो अडीनडीला, अशी अपेक्षा असते. दिवसभर तंदूरवर उभं राहायचं तर तो आचाऱ्याचा व्हिसा झाला. "माझा हात तंदूरचा," दादा म्हणतात. "कार्ड मात्र गल्ल्याचं."

सकाळी ९:४०
म्हणून ते कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी बसतात. लॅपटॉप, कॅल्क्युलेटर, पावत्यांचे बारा डबे, महिन्याला एक. कांद्याची वीस किलोची पेटी होक्काइदोची. चिकन ब्राझीलचं, गोठवलेलं, दोन किलोच्या पिशव्यांत. तांदळाचं बिल बघताना त्यांचा चष्मा नाकावर खाली येतो. पाच किलोला चार हजार येनच्या वर. दीड वर्षापूर्वी जवळपास निम्म्या भावात मिळायचा. जेवणाच्या सेटमध्ये नान किंवा भात असतो. भात मागणारा आला की हल्ली पोटात गोळा येतो, असं ते सांगतात. पण पाटीवरचा पर्याय पुसलेला नाही.

एकीकडे तंदूर तापतोय. कांदा-टोमॅटोचा मसाला पातेल्यात खदखदतोय. वासावरून दादांना कळतं. मान वर न करता म्हणतात, "खाली लागतंय." आचारी पळी फिरवतो.

सकाळी ११:००
पाटी बाहेर. दुपारचा सेट ९५० येन: एक करी, नान किंवा भात, कोबीची कोशिंबीर, वर गाजराचं नारिंगी ड्रेसिंग. नान हवा तेवढा. बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८. गल्ल्याच्या यंत्रावर दोन वेगळी बटणं आहेत. चुकीचं दाबलं तर रात्री हिशेब जुळत नाही, आणि न जुळलेला हिशेब पुढे कुणाच्या टेबलावर जाणार हे दादांना पक्कं ठाऊक आहे.

वाढायला एक विद्यार्थिनी येते. तीही नेपाळी, भाषाशाळेत शिकते. तिला आठवड्याला २८ तास कामाची मुभा. तोक्योतलं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन झालंय, तेच तिला मिळतं. तिच्या तासांचा तक्ता दादांच्या टेबलावर चिकटवलेला आहे. २८ च्या वर एक तास गेला तर तिचाही व्हिसा धोक्यात येतो आणि यांचाही. शुक्रवारी ती २७ वर थांबते. उरलेला एक तास दादा मोकळाच सोडतात.

दुपारी १२:१०
चौदाच्या चौदा खुर्च्या भरल्या. दारात पाच जण उभे. या गिऱ्हाइकांना तासाभराची सुट्टी असते, त्यातली दहा मिनिटं चालण्यात जातात. तेव्हा ताट सात मिनिटांत समोर यायला हवं.

तंदूरच्या कडेला गोळे मांडलेले. आचारी एक उचलतो, तळहातांवर आपटत ओढतो, पानासारखा लांब करतो. गादीवर पसरतो. गादीसकट हात तंदूरात जातो. भिंतीवर थाप बसते आणि हात लगेच बाहेर. दीड मिनिटात पीठ फुगतं, जागोजागी काळे डाग पडतात. सळईने खरवडून उचलायचा. कोपरापर्यंत त्याच्या हातावर एकही केस नाही.

"मास्टर, ओकावारी!" आणखी एक नान. जपानी गिऱ्हाईक दादांना मास्टर म्हणतं. "हाय!" दादा ओरडतात. मागोमाग तिघे. आचारी मागे पडतो. ट्रेवर चार चिठ्ठ्या, मग सहा.

आता दादा उठतात. चष्मा काढून खिशात. बाही वर. आचारी बाजूला सरकतो, बोलावं लागत नाही. पुढची बारा मिनिटं मी फक्त हात पाहत होतो. दादांना नान ओढायला दोन हेलकावे लागतात, आचाऱ्याला चार. थाप कानाला ऐकू येत नाही इतकी हलकी. एक नान निघेस्तोवर दुसरा आत असतो. चेहरा वेगळाच दिसतो. सकाळपासून कपाळावर असलेली आठी गेलेली.

चिठ्ठ्या संपतात. दादा हात धुतात, चष्मा लावतात, टेबलाशी येतात.

दुपारी २:१०
दुपारचे अडतीस सेट. ३६,१०० येन. बांधून नेलेले सहा डबे, ६५० प्रमाणे ३,९००. बरोबर चाळीस हजार. "चांगला मंगळवार," दादा म्हणतात. पावसाच्या दिवशी याच्या निम्मे होतात.

ॲपवरून आलेल्या ऑर्डरी वेगळ्या. ॲपवाला शंभरातले पस्तीस घेतो. दादांनी तिथे फक्त तीन पदार्थ ठेवलेत. बाकीचे परवडत नाहीत.

दुपारी २:४५
सेन्सेइ आले. हे सरकारी कागदपत्रं तयार करून देणारे परवानाधारक लेखनिक. साठीचे, नीटस, हातात कापडी पिशवी. त्यांची नूतनीकरणाची फी पासष्ट हजार येन आणि वर एक पालक-पनीर, कमी तिखट. कार्डाची मुदत फेब्रुवारीत संपते. अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो.

टेबलावर थप्पी लागते. ताळेबंद. कर भरल्याचे दाखले. पेन्शन आणि आरोग्यविम्याच्या पावत्या. पगाराची वही. मेन्यूकार्ड. दुकानाचे फोटो: पाटी, टपालपेटी, कारभाराचं टेबल. सेन्सेइ प्रत्येक पानावर पेन्सिलने बारीक खूण करतात. सगळं आहे. दादांच्या कागदात आजवर त्रुटी निघालेली नाही. तरीही सहा वर्षांत दर वेळी एकच वर्ष मिळालं. कायमचा रहिवास मागायचा तर हातात निदान तीन वर्षांचं कार्ड हवं.

मग सेन्सेइ पेन्सिल खाली ठेवतात. नव्या नियमाचा कागद काढतात. दादांनी तो आधीच पाहिलाय, त्यांच्या प्रतीला घड्या पडल्यात.

१६ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलला. आधी पन्नास लाख येन भांडवल पुरायचं. दादांनी ते सहा वर्षांत जमवलं. एका खोलीत चौघं राहिले, दोन वेळचं जेवण हॉटेलात, पगाराचा येन न् येन बँकेत. पैसा कुठून आला हे विचारलं गेलं, तेव्हा सहा वर्षांचं पासबुक दाखवलं. आता भांडवल हवं तीन कोटी येन. रुपयांत पावणेदोन कोटींच्या आसपास. शिवाय एक पूर्णवेळ नोकर.

"आचारी आहे ना," मी मराठीत विचारतो.

"तो धरत नाहीत." नोकर जपानी हवा, नाहीतर इथला कायमचा रहिवासी किंवा तशाच हक्काचा. कामाच्या व्हिसावरचा माणूस त्यात मोजत नाहीत. आणखी एक अट: मालक किंवा एखादा पूर्णवेळ नोकर, दोघांपैकी एकाला वरच्या दर्जाचं जपानी यायला हवं. दादा बोलतात फाडफाड. वाचताना अडतात.

आधीपासून कार्ड असलेल्यांना तीन वर्षांची सवलत आहे, १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत. तोवर धंद्याची स्थिती बघून, अटींकडे वाटचाल दिसते का ते बघून निर्णय होईल. सेन्सेइ हे दोनदा सांगतात, शब्द मोजून. मग पर्याय सांगतात. भागीदार घेणं. दुकान मोठ्या कंपनीला देणं. किंवा दुकान विकून दुसऱ्याकडे पुन्हा आचाऱ्याच्या व्हिसावर लागणं.

"तंदूरवर," दादा म्हणतात.

"हो, तंदूरवर."

कंपन्या नुसत्या कागदावर काढून कार्ड मिळवणारे लोक होते, हे दादा स्वतःच मला सांगतात. पत्ता एका खोलीचा, धंदा कसलाच नाही. सरकारने त्यांना आवरावं, याला त्यांची ना नाही. पण या दुकानात रोज साठ नान भाजले जातात. मला वाटतं, तपासणाऱ्या माणसाने दुपारी बाराला इथे येऊन एक ताट जेवावं. फोटोत तंदूरची धग दिसत नाही.

सेन्सेइ पालक-पनीरचे पैसे द्यायला बघतात. दादा घेत नाहीत.

दुपारी ४:१५
मुलगी शाळेतून थेट दुकानात. पाचवीत आहे. मागच्या टेबलावर तिच्यासाठी वरण-भात झाकलेला. वहिनी घेऊन आल्यात. त्या सकाळी जवळच्या डबे भरण्याच्या कारखान्यात चार तास जातात, त्यांनाही आठवड्याला २८ तासांचीच मुभा. उभ्याने काम, थंड खोली, दोन मोजे घालून.

"अहो, काय म्हणाले?"

"कागद सगळे बरोबर आहेत म्हणाले."

वहिनी पुढे विचारत नाहीत. मुलीचं दप्तर उचलून खुर्चीवर ठेवतात. तिघांच्या कार्डांवर तारीख एकच आहे. दादांचं कार्ड मूळ, या दोघींची त्यावर आधारलेली. मुलगी इथेच जन्मली. गुहागरला ती तीनदा गेली आहे. तिसऱ्यांदा आजीशी बोलताना मराठीत अडखळत होती, म्हणून वहिनींनी आता घरात जपानी बोलायचं नाही असा नियम केलाय. तो फक्त दादांच्या अभ्यासाच्या वेळेला मोडतो.

दुपारी ४:४०
बाहेर अंधारायला लागलं. अभ्यासाची वेळ हीच. पन्नास मिनिटं. दादांसमोर कांजी चिन्हांची वही, मुलीसमोर तिची गणितं. दादा एक अक्षर काढतात. ती तिकडे न बघता म्हणते, "रेघ वरून खाली, बाबा." ते खोडतात, पुन्हा काढतात. परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबर. गेल्या वेळी दादांचे गुण वाचनात कमी पडले. वहीच्या कडा पिवळ्या झाल्यात, हळदीने.

संध्याकाळी ५:३०
पुन्हा पाटी. रात्रीची गिऱ्हाइकं निराळी. बिअर, चीज-नान, तंदुरी चिकनचे दोन तुकडे. सावकाश बसतात. पहिला तास रिकामा जातो. आचारी सळया घासतो. दादा २०२१ ची गोष्ट सांगतात. कोरोनात रात्री आठला बंद करायचा हुकूम आला आणि त्याबदल्यात सरकारने दिवसाला साठ हजार येन दिले. "ते नसते तर आज तुम्ही इथे बसला नसता," म्हणतात. ज्या सरकारचा कागद घडी पडून खिशात आहे, त्याच सरकारबद्दल हे बोलताना त्यांचा आवाज नरम असतो.

संध्याकाळी ७:२०
मराठी आवाज. तीन अभियंते, गळ्यात ऑफिसचे पट्टे. "दादा, ते शुक्रवारचं काही उरलंय का?" शुक्रवारी दादा मेन्यूत नसलेलं काहीतरी करतात. कधी कुळथाची पिठी, कधी सोलकढी. आमसुलं गुहागरहून येतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून. आज नाही. तरी वहिनी आतून लसणीची चटणी पाठवतात.

एकाचा रहिवास नुकताच कायमचा झालाय. पदवी, पगार, वय, भाषा यांचे गुण धरतात. सत्तर गुण झाले तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो, ऐंशी झाले तर एका वर्षाने. त्याचे ऐंशी भरले. पेढे घेऊन आलाय, उएनोच्या बाजारातून दुधाची पावडर आणून घरी केलेले. दादा उभे राहून दोन्ही हातांनी पेढा घेतात. "फार चांगलं झालं. आता घर घ्या." मनापासून म्हणतात. मग आचाऱ्याला सांगतात, या टेबलाला एक चीज-नान माझ्याकडून.

रात्री ९:४५
शेवटची ऑर्डर. तंदूरचा गॅस कमी. विद्यार्थिनी ताटं विसळून ठेवते, तक्त्यावर आपले तास लिहिते आणि स्वतःच बेरीज करून दाखवते. दोन नान कागदात गुंडाळून घेऊन जाते.

रात्री १०:१५
हिशेब. रात्रीचे २१,५००. दिवसाचे ६१,५००. दादा महिन्याचं पान उघडतात आणि मला दाखवतात. लपवाछपवी नाही. दिवसाला सरासरी साठ हजार, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पंधरा लाख येन. त्यातून भाडं १,८०,०००. आचाऱ्याचा पगार २,५०,०००. विद्यार्थिनीचे १,३७,०००. माल ४,८०,०००. गॅस, वीज, पाणी १,१०,०००. विमा-पेन्शनचा मालकाचा वाटा ७५,०००. स्वतःचा पगार २,५०,०००. हा कमी लावून चालत नाही. मालकाचं घर धंद्यावर चालतंय हेही दिसावं लागतं.

उरतात १८,०००.

भांडवल पन्नास लाख आहे. तीन कोटींना अडीच कोटी कमी. मी मनात भागाकार केला. १,३८९ महिने. बोललो नाही. दादांनी वही मिटली. तो भागाकार त्यांनी ऑक्टोबरातच केला असणार.

रात्री १०:४०
फ्रिजची तापमानं पुन्हा लिहून झाली. तंदूरवर झाकण. आचारी जॅकेट घालून निघत नाही. दारापाशी घुटमळतो. मग पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढतो.

"दाइ, माझं पण मार्चमध्ये आहे."

त्याच्या नूतनीकरणाला मालकाचा कागद लागतो: हा माणूस आमच्याकडे आचारी आहे, पगार इतका, पुढेही कामावर राहील. दादा कागद दिव्याखाली धरतात. सावकाश वाचतात. एका चिन्हावर थांबतात, बोटाने रेघा मोजतात, पुढे जातात. 'पुढेही' या शब्दापाशी पुन्हा थांबतात.

खणातून कंपनीचा शिक्का काढतात. गोल, बोटभर उंच. लाल शाईच्या डबीत दोनदा दाबतात, काठाला लागलेली शाई टिश्यूने टिपतात. कागदाखाली मेन्यूकार्ड सरकवतात, ठसा एकसारखा उमटावा म्हणून. मनगटाचा जोर देऊन दाबतात. उचलतात. अक्षरं सगळी उठली आहेत.

आचारी कागद घ्यायला हात पुढे करतो.

"थांब," दादा म्हणतात. "ओलं आहे अजून."